यमुनाक्काचे दोनशे गुण

यमुनाक्का कुणालाही भेटल्या की आधी हात मागत. हस्तांदोलनासाठी नव्हे, बघायला. मल्लेश्वरममधल्या आमच्या महिला तंत्रनिकेतनात मी इंग्रजी शिकवायला रुजू झाले, त्या दिवशी स्टाफरूममध्ये एक ठेंगणी, जाड काचांचा चष्मा लावलेली बाई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिनं माझा उजवा हात उचलला, बोटांची टोकं चाचपली आणि चक्क मराठीत म्हणाली, "या हातानं खडूशिवाय काही धरलेलं नाही."

मी पुण्याची. पहिल्याच भेटीत कुणी अपमान केला की मला घरी आल्यासारखं वाटतं.

"पोळ्या लाटते की," मी म्हटलं.

"गोल होतात?"

"बऱ्यापैकी."

"बऱ्यापैकी म्हणजे नाही," असं म्हणून त्या तासाला निघून गेल्या.

नव्वदीची नुकती सुरुवात होती. नवऱ्याची बदली झाली म्हणून मी बंगळूरला आले होते आणि कॉलेजात कुणी मराठी बोलणारं भेटेल अशी आशा नव्हती. भेटलं ते हे प्रकरण. पूर्ण नाव यमुना गणपतराव पिसे, हजेरीपटावर वाय. जी. पिसे. इलेक्ट्रॉनिक्सच्या मुली त्यांना 'पिसे मिस' म्हणत आणि आम्ही सगळे, प्रिन्सिपॉलसकट, अक्का. घराणं शिंप्यांचं, कित्येक पिढ्यांपूर्वी सोलापूरकडून येऊन चामराजपेटेत स्थिरावलेलं. त्यामुळे त्यांच्या मराठीत जुन्या पत्रांतले शब्द आणि बाजारातलं कन्नड शेजारी शेजारी नांदत. "स्वल्प सरक बघू, मालती," म्हणत त्या बाकावर टेकत आणि दुसऱ्याच वाक्यात "मजकडे वेळ नाही" म्हणत. मला हसू येई. "पुण्याची मराठी म्हणजे इस्त्रीची," त्या म्हणत. "आमची वापरातली."

त्यांचं चरित्र सांगण्यात मला रस नाही, आणि त्यांनीही ते कधी धड सांगितलं नाही. टेलिफोन बनवणाऱ्या एका मोठ्या सरकारी कारखान्यात त्या तरुणपणी सोल्डरिंगला बसत. संध्याकाळच्या वर्गांना जाऊन डिप्लोमा केला आणि पुढे इथे शिकवायला आल्या. लग्न केलं नाही. का, असं मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "मापं जुळली नाहीत." तो विषय तिथेच संपला.

पहिल्यांदा मी त्यांच्या घरी चामराजपेटेत गेले तेव्हा त्यांनी पाणी द्यायच्या आधी माझ्या ब्लाउजची बाही चिमटीत धरली. "कुठल्या शिंप्यानं शिवलाय ग हा? तुझा शत्रू आहे काय?" पाच मिनिटांत मी त्यांच्या साडीचा पदर अंगावर लपेटून खुर्चीत बसले होते आणि त्या माझ्या ब्लाउजच्या दोन्ही बाह्या उसवत होत्या. उसवणं ही त्यांची आवडती क्रिया. चुकीचं काम बघून त्या कधी रागावत नसत, फक्त सोडवून परत हातात ठेवत. मुलींच्या सर्किटचं तेच, माझ्या प्रश्नपत्रिकेचं तेच, कँटीनवाल्यानं चुकीचं बांधलेल्या पार्सलचंही तेच.

ही वडिलांची शिकवण. गणपतरावांचं दुकान खालच्याच मजल्यावर होतं. शिकाऊ मुलानं पहिला ब्लाउज शिवून आणला की ते एक शब्द न बोलता त्याची सगळी शिवण उसवत आणि तुकडे त्याच्या हातात देत.

"चांगला शिवला असला तरी?"

"तरी. उसवताना त्याला कळायचं ना, आपण काय केलं ते." अक्कांनी दोरा दातानं तोडला. "आणि शाबासकी एकदाच. ज्या दिवशी मुलगा स्वतःचं मशीन टाकायला दुकान सोडून निघे, त्या दिवशी आप्पा त्याला सांगत, तू कसा आहेस ते. तोवर विचारायचं नाही."

अक्कांनी ही रीत जशीच्या तशी वर्गात आणली होती. बंगळूरच्या मुलींना मार्कांची फार हाव. काहीही करून दाखवलं की विचारायच्या, "मिस, एष्टु?" किती दिले? अक्का कन्नडमध्येच उत्तर द्यायच्या, "होगुवाग हेळ्तीनि." निघताना सांगेन. मुली वैतागायच्या, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा हात पुढे करून उभ्या. कारण वर्गात शिरताना अक्का प्रत्येकीचे हात बघत. बोटांवर सोल्डरिंगचा चटका बसलेला असला, नखांना राळेचा वास असला, की "हं" म्हणत. नुसतं "हं" मिळालं तरी पोरी दिवसभर खूश.

आमच्या डिप्लोमात शेवटच्या वर्षी सहा महिने कारखान्यात काढावे लागत. नियमच होता, पण त्याला एक पैचं मोल नव्हतं. मुलींनी कारखान्यात जायचं, कोपऱ्यात उभं राहायचं, शेवटी हजर असल्याचा दाखला आणायचा. गुण सगळे लेखी परीक्षेला. बऱ्याच जणी काकाच्या किंवा मामाच्या ओळखीनं दाखला आणून घरीच अभ्यास करत, आणि त्यांचंच भलं होई. अक्कांचं म्हणणं, सहा महिन्यांचं काम डिप्लोमात धरा. एका पूर्ण विषयाइतके, दोनशे गुण त्याला द्या. आणि ते गुण आम्ही मास्तरणींनी द्यायचे नाहीत. ज्यानं काम पाहिलं त्यानं द्यावेत, म्हणजे कारखान्यातल्या फोरमननं.

यासाठी त्या तंत्रशिक्षण बोर्डाच्या कचेरीत किती वर्षं खेटे घालत होत्या, देव जाणे. सोबत डबा न्यायच्या, कारण साहेब दुपारनंतरच भेटत. तिथल्या बाकावर बसून दहीभात खायच्या आणि शिपायालाही द्यायच्या. साहेब बदलत गेले, अक्का बदलल्या नाहीत. "माझ्या बापानं कुणाला कागदावर ब्लाउज शिवायला लावला नाही," हे वाक्य त्यांनी प्रत्येक नव्या साहेबाला ऐकवलं. शेवटी एका साहेबांनी होकार दिला. पटलं म्हणून दिला की कंटाळून, हे मला ठाऊक नाही. एका वर्षापुरतं करून बघा, निकाल बघून पुढचं ठरवू, असं लेखी आलं. अक्कांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांना म्हैसूरपाक वाटला. त्यांना इतकं आनंदी मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि त्यानंतरही नाही.

मग कारखाने गाठायचे. शहराबाहेर पीण्या नावाच्या औद्योगिक वसाहतीत बसनं जाऊन अक्का शेड-शेड हिंडल्या. मी दोन-तीनदा बरोबर गेले, माझा उपयोग शून्य. अक्का आत शिरून आधी संडास बघत. बायकांसाठी वेगळा नसायचाच. असला तर कडी नसायची. "कडी बसवा, मग मुली पाठवते," असं म्हणून त्या निघायच्या. ट्रान्सफॉर्मरची वेटोळी गुंडाळणाऱ्या एका शेडचा फोरमन रामय्या. भला माणूस, पण मुली शेडमध्ये येणार या कल्पनेनंच त्याला घाम फुटला. "मिस, इथे सगळे गडी. भाषा आमची वाईट. मुलींशी कसं वागायचं, आम्हाला काय ठाऊक?"

अक्का म्हणाल्या, "तुला मुलगी आहे ना? मग सोपं आहे. मने मगळु समज." मने मगळु म्हणजे घरची लेक. हेच त्यांनी प्रत्येक शेडमध्ये सांगितलं.

आणि लोकांनी ते ऐकलं. पुढच्या खेपेला रामय्याच्या शेडमध्ये गेलो तर संडासाला पितळी कडी होती, भिंतीवरच्या नटीच्या कॅलेंडरच्या जागी चामुंडेश्वरी आली होती आणि एरवी आईबहिणीवरून बोलणारे गडी एकमेकांना "अहो" म्हणत होते. मी अक्कांना म्हटलं, "तुम्ही यांचा मठ केलात." अक्का खुशीत होत्या. मुलींचे हात भाजले होते, काळे झाले होते. प्रत्येकीला "हं" मिळालं.

त्या मुलींत एक मंजुळा होती. कॉलेजजवळच्या आठव्या क्रॉसवर, म्हणजे आडव्या गल्लीत, तिची आई फुलं विकायची. वडील नव्हते. मंजुळा अबोल, कन्नड शाळेतून आलेली, इंग्रजी पेपर समोर आला की तिचा चेहरा उतरायचा. तिच्या लेखी विषयांचं गाडं जेमतेम ढकललं जाई. पण सोल्डरिंगची तार हातात आली की ती वेगळीच मुलगी दिसे. अक्कांनी तिला मुद्दाम गुंडप्पाकडे पाठवलं. गुंडप्पा अक्कांचा टेलिफोन कारखान्यातला जुना जोडीदार, आता पीण्यात मीटर बनवणाऱ्या एका कंपनीत फोरमन. खडूस म्हणून प्रसिद्ध. तीन महिन्यांत त्यानंच मालकाला सांगितलं, ही मुलगी सोडू नका. मालक म्हणाला, पावसाळ्याच्या आत डिप्लोमा हातात येऊ दे, कायम करतो.

या नोकरीवर बरंच काही अवलंबून होतं. मंजुळाच्या आईच्या भावाची बायको वारली होती. तिकडच्या रिवाजाप्रमाणे मामाशी भाचीचं लग्न लावण्याचं घरात चाललं होतं. मामा तिच्याहून पुष्कळ मोठा, दारू पिणारा. आई अक्कांना म्हणाली होती, "मिस, नोकरी लागली तर मी भावाला नाही म्हणू शकते. नाहीतर कुठल्या तोंडानं म्हणू?" त्यामुळे मंजुळाला ते दोनशे गुण हवे होते, आणि अक्कांना ते तिला मिळालेले बघायचे होते. लेखीतली तूट तेवढ्यानं सहज भरून निघणार होती.

सहा महिने संपले. शेवटच्या दिवशी प्रत्येक शेडमध्ये जे झालं ते कुणी ठरवून केलं नव्हतं. लेक माहेरहून निघाली की तिला हळदकुंकू, नारळ, खण देतात, तसं फोरमन लोकांनी आपापल्या बायकांना बोलावून मुलींची ओटी भरली. रामय्याच्या शेडमध्ये तर गड्यांनी वर्गणी काढून वांगीभात आणि जिलबी केली. मुली रडल्या, गडी रडले. आणि मग गुणांचा कागद भरायची वेळ आली तेव्हा कुणाचाच हात खाली जाईना. घरची लेक निघाली असताना गुण कसे कापायचे? एकूण एक मुलीला दोनशेपैकी दोनशे. जी मुलगी महिनाभर आजारी होती तिलाही दोनशे. जिनं एक अख्खं यंत्र बिघडवून ठेवलं होतं तिलाही.

फक्त गुंडप्पानं अक्का सांगत होत्या तसं केलं. मंजुळाला एकशे अठ्ठेचाळीस. खाली कन्नडमध्ये लिहिलं होतं : हात चांगला. घाई करते. चूक झाली की सांगत नाही, गुपचूप दुरुस्त करते. ते सांगायला शिकली पाहिजे.

अक्कांनी तो कागद मला वाचून दाखवला. "ह्याला गुण म्हणतात, मालती. माणूस दिसतो की नाही त्यात?" बाकीचे कागद अजून यायचे होते.

ते आले तेव्हा अक्कांनी एकेक करून सगळे वाचले. मग पर्स उचलून पीण्याला निघाल्या. मी बरोबर गेले. रामय्यानं आम्हाला स्टुलं दिली, कॉफी मागवली आणि अक्कांचं म्हणणं ऐकून घेतलं. खरं तेवढंच लिही, सगळ्यांना सारखे देऊ नकोस, बोर्ड विश्वास ठेवणार नाही, एवढंच अक्का परत परत सांगत होत्या. रामय्याचा चेहरा पडला.

"मिस, तुम्हीच म्हणालात मने मगळु. ओटी भरून पाठवली. आता तिच्या ओटीतला नारळ मागून घेऊ? बरीगैयल्ली पाठवू तिला?" बरीगै म्हणजे रिकामा हात.

"रामय्या, गुण म्हणजे खण-नारळ नव्हे."

"मग काय आहे?" त्यानं खरंच विचारलं. त्याला कुणी कधी गुण दिले नव्हते, आणि त्यानंही कुणाला दिले नव्हते. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी देण्याजोगं हातात आलं होतं आणि ते त्यानं सगळं देऊन टाकलं होतं. अक्का कॉफी संपवून उठल्या. दुसऱ्या शेडमध्ये तेच झालं, तिसऱ्यात तर फोरमन रागावून आतच निघून गेला. परतीच्या बसमध्ये अक्का म्हणाल्या, "मी यांना काय दोष देणार? लेकीसारखं वागवा हे मीच सांगितलं. लेकीची परीक्षा घ्या असं कुठे सांगितलं होतं?"

प्रिन्सिपॉल व्यवहारी गृहस्थ. त्यांनी सुचवलं, अक्का, तुम्हीच बसा आणि आकडे जरा खालीवर करा. कुणाला एकशे ऐंशी, कुणाला एकशे साठ. बोर्डाला कळणार नाही, योजना वाचेल, मुली वाचतील. मला तेव्हा त्यांचं पटलं होतं आणि खरं सांगायचं तर आजही पटतं. अक्का मानेनंच नाही म्हणाल्या. "जे काम मी पाहिलं नाही त्याचे गुण मी कसे देऊ? हेच तर इतकी वर्षं त्या बाकावर बसून सांगत आले." प्रिन्सिपॉलांनी हात टेकले. कागद जसेच्या तसे बोर्डाकडे गेले.

बोर्डाचे एक साहेब चौकशीला आले. माणूस वाईट नव्हता, आवाजही चढवला नाही. प्रिन्सिपॉलांच्या खोलीत अक्का, मी आणि आणखी दोघी होतो. साहेबांनी कागद पुढे ठेवले. "मॅडम, सगळ्या मुली सारख्याच हुशार?"

अक्कांनी सगळं खरं सांगितलं. मने मगळु, हळदकुंकू, वांगीभात. साहेबांना क्षणभर हसू आलं, मग त्यांनी ते आवरलं. "म्हणजे हे गुण प्रेमाचे आहेत. प्रेमाचे गुण मी डिप्लोमात कसे धरू?"

"नका धरू," अक्का म्हणाल्या. "पण एक कागद खरा आहे. तेवढा धरा. मंजुळाचा."

साहेबांनी गुंडप्पाचा कागद वाचला, परत वाचला. "हा खरा आहे," ते म्हणाले. "म्हणूनच बाकीचे खोटे ठरतात. पण एका मुलीसाठी मी विषय ठेवू शकत नाही, मॅडम. विषय सगळ्यांना असतो किंवा कुणालाच नसतो. पुढच्या वर्षी दुसरं काहीतरी बघू."

अक्का हात जोडून उभ्या राहिल्या. कुणासमोर हात जोडताना मी त्यांना तेव्हाच पाहिलं. साहेबांना फार अवघडल्यासारखं झालं, त्यांनीही उलट हात जोडले. त्यानं काही फरक पडला नाही.

कामाचे गुण रद्द झाले. त्याऐवजी त्याच दोनशे गुणांची एक लेखी परीक्षा ठरली, कारखान्यातल्या कामावर, तीन तास, इंग्रजीत. ज्यांनी एरवी घरी बसून दाखलाच आणला असता, त्या मुलींची मजा झाली. आठवड्यात बाजारात गाइड आलं.

मंजुळाला इंग्रजी शिकवायचं काम अक्कांनी माझ्याकडे दिलं. ती रोज संध्याकाळी माझ्या घरी यायची, येताना पानात बांधलेला मोगरा आणायची. ड्राय जॉइंट म्हणजे काय, असा प्रश्न मी दिला. वरून चिकटलेला दिसतो पण आतून धरलेला नसतो, तो सांधा. तिनं तो कसा ओळखायचा, कसा काढायचा, हे कन्नडमधून हातवारे करत मला इतकं छान समजावलं की मी इंग्रजीची बाई असून मला तो दिसू लागला. मग ती लिहायला बसली. दोन ओळी लिहिल्या, खोडल्या, परत लिहिल्या. पेन्सिलीचं टोक मोडलं. "गोत्तिल्ला मिस," ती म्हणाली. ठाऊक नाही. ठाऊक सगळं होतं तिला. मी गाइडमधली उत्तरं पाठ करायला सांगितली, तिनं केली, आणि परीक्षेत एकाची दुसऱ्यात मिसळली.

परीक्षेच्या दिवशी अक्का हॉलबाहेरच्या पायरीवर बसून होत्या. मंजुळा बाहेर आली तेव्हा त्यांनी तिचे हात बघितले नाहीत. शाईनं भरले होते.

ती नापास झाली. रामय्याकडची, जिनं यंत्र बिघडवलं होतं, ती मुलगी पहिल्या वर्गात आली. त्या बिचारीचाही यात काही दोष नव्हता. मीटरवाल्या मालकानं दोन महिने जागा रिकामी ठेवली, हे त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. फेरपरीक्षेतही मंजुळा राहिली तेव्हा त्यानं दुसरी घेतली. पुढे बाहेरचे स्वस्त मीटर येऊ लागले आणि वर्षा-दोन वर्षांत ती शेडच बंद पडली. गुंडप्पानं स्वेच्छानिवृत्ती घेतली. मंजुळाला नोकरी लागली असती तरी ती टिकली नसती, असं म्हणून मी अक्कांचं समाधान करायला गेले. अक्का म्हणाल्या, "दोन वर्षं तर मिळाली असती. दोन वर्षांत तो मामा दुसरीकडे मुलगी बघता."

बोर्डानं कबूल केल्याप्रमाणे पुढच्या वर्षी दुसरं काहीतरी आणलं. त्याचं नाव प्रोजेक्ट. मुलींनी स्वतः एक वस्तू बनवायची आणि तिच्यावर बांधीव अहवाल द्यायचा. सिटी मार्केटजवळच्या गल्लीत तयार प्रोजेक्ट विकणारी दुकानं निघाली. अहवाल टाइप केलेला, मुखपृष्ठ सोनेरी अक्षरांचं, फक्त नाव घालायचं बाकी. आमच्या मुली तिथून विकत आणत आणि आम्ही त्यांना गुण देत असू. सगळ्यांना सारखे नाहीत, नीट खालीवर करून. बोर्ड समाधानी होतं. अक्का त्या प्रोजेक्टच्या डब्या उघडून आतले सांधे बघत, झाकण लावत आणि पुढे सरकवत. उसवायचं त्यांनी सोडून दिलं होतं. हात बघायचंही. शहराबाहेर व्हाइटफील्डकडे कॉम्प्युटरच्या मोठमोठ्या इमारती उठत होत्या. प्रिन्सिपॉल म्हणाले, इलेक्ट्रॉनिक्स बंद करून कॉम्प्युटर सुरू करूया. मीटिंगमध्ये अक्कांचं मत विचारलं तेव्हा त्या "सरी" म्हणाल्या. ठीक आहे, एवढंच. पुढच्या उन्हाळ्यात त्या निवृत्त झाल्या.

निरोपाच्या दिवशी, समारंभ संपल्यावर, मी त्यांना बसपर्यंत सोडायला निघाले. अक्कांच्या हातात समारंभात मिळालेली शाल आणि नारळ. आठव्या क्रॉसवर फुलांच्या ओळीपाशी त्या थांबल्या. मंजुळाच्या आईच्या जागी मंजुळा बसली होती. गळ्यात काळी पोत, मांडीवर केळीच्या सोपाचा दोरा, समोर मोगऱ्याचा ढीग. बोटं चालत होती आणि गजरा वाढत होता. इतक्या वर्षांत आम्ही त्या रस्त्यानं कितीदा गेलो असू, पण अक्का नेहमी पलीकडच्या फुटपाथनं जात. आज त्या अलीकडे आल्या होत्या.

मंजुळा उठायला लागली. अक्कांनी तिला खुणेनं बसवलं आणि म्हणाल्या, "कै तोरिसु." हात दाखव.

तिनं दोन्ही हात पुढे केले. देठांच्या रसानं बोटं हिरवट झाली होती. चटक्यांचे डाग कुठे दिसत नव्हते. मनगटावर एक काळानिळा वळ होता, तो तिनं पदराखाली घेतला. अक्कांनी तो पाहिला, मीही पाहिला. मग अक्कांनी गजरा उचलला आणि डोळ्यांजवळ नेऊन एकेक गाठ तपासली. सगळ्या गाठी सारख्या, कुठे ढिली नाही, कुठे फूल चेंगरलेलं नाही. त्या बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, आता उसवणार.

मंजुळानं गंमत करावी म्हणून हसत विचारलं. किंवा गप्प राहवेना म्हणून. "मिस, एष्टु?"

अक्कांनी गजरा तिच्या मांडीवर परत ठेवला.

"दोनशेपैकी दोनशे," त्या म्हणाल्या.

मंजुळा हसायची थांबली. तिनं अक्कांच्या हातातली शाल बघितली, नारळ बघितला, माझ्याकडे बघितलं; 'होगुवाग हेळ्तीनि', निघताना सांगेन, हे तिलाही आठवलं असावं. अक्कांनी तो नारळ तिच्या ओटीत घातला आणि रस्ता ओलांडून चामराजपेटेच्या बसपाशी गेल्या. बस लागलेली होती. त्या चढल्या, खिडकीपाशी बसल्या, आणि बस निघेपर्यंत स्वतःचे दोन्ही तळहात मांडीवर उताणे ठेवून त्यांच्याकडे बघत होत्या.